आपांच्या चालीचा हात

त्या काळात मिरजेच्या इस्पितळातल्या लसिका विभागाबाहेर प्रत्येक रुग्णाशेजारी आणखी एक माणूस बसलेला असे. त्याला हातकरी म्हणत. नातेवाईक, मित्र, शेजारी, कोणीही हातकरी होऊ शकत असे. फक्त माणूस मध्येच बदलायचा नाही, एवढी अट होती.

नसीमा सतारमेकर पहिल्यांदा आली ती एकटीच. स्तनाच्या कर्करोगातून ती उठली होती, शस्त्रक्रियेची जखमही भरली होती. पण काखेतल्या गाठी काढल्यापासून उजवा हात सुजून ओल्या लाकडासारखा जड झाला होता. तंबोऱ्याची जवारी लावणं, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवणं, हा तिचा धंदा. आता त्या हातानं कानस धरवत नव्हती.

"रक्तासारखंच आणखी एक पाणी अंगात फिरतं, ते म्हणजे लसिका," फिजिओथेरपिस्ट डॉ. तेजल पाटगावकर म्हणाली. "तिच्या बारीक नळ्या आखडतात, सैल होतात आणि पाणी पुढं ढकलतात. तुमचा काखेतला रस्ताच गेला, म्हणून पाणी तुंबलं. आधी मालिश करून, पट्ट्या बांधून सूज उतरवू. मग तुमच्याच पेशींपासून कातडीखाली नव्या नळ्या वाढवू. त्या चालू लागल्या की शेवटच्या टप्प्यात पट्टी सुटेल आणि हात कामाला लागेल."

"मग हातकरी कशाला?"

"नव्या नळ्यांना आखडता येतं, पण कधी आणि किती ते कळत नाही. रोज एकच हात वरून फिरला की त्या त्याची चाल उचलतात. ती पुढं आपोआप चालते."

"यंत्र नाही का चालत?"

"करून पाहिलं. यंत्र कधी चुकत नाही, तीच अडचण. माणसाचा हात चुकतो, सावरतो. ताप आला, उन्हाळा वाढला की नळ्यांनाही तसंच सावरावं लागतं."

घरी नवरा सलीमचे हात वयानं थरथरायचे. मूलबाळ नव्हतं. उरली नणंद, मुमताजआपा. विधवा होऊन त्या भावाकडे राहायला आल्या तेव्हापासून चुलीवरच्या मिठापासून दाराच्या कडीपर्यंत दोघींचं कशावरूनही पटलं नव्हतं. नसीमानं त्यांना विचारलंच नाही. आपाच भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझा हात चालत असेल तर बघ. बोलायचं नसलं तर बोलू नकोस."

पहिले आठवडे दोघी खरंच बोलल्या नाहीत. तेजल शेजारी उभी राहून शिकवायची, "दाबू नका आपा, कातडी नुसती सरकवा. कोपरापासून खांद्याकडं." मग कधीतरी आपांनी मिठाचा विषय काढला. नसीमाला हसू आलं. हात हलला म्हणून आपा रागावल्या, आणि त्याही हसल्या.

सूज उतरली. नळ्या वाढल्या, आपांच्या हाताची चाल त्यांनी उचलली. पट्टी सुटली त्या दिवशी नसीमानं एका तंबोऱ्याची जवारी लावली आणि तारा छेडून आपांना जवळ बोलावलं. आपांना सूर कळत नव्हते, पण त्या बराच वेळ ऐकत बसल्या. पुढची वर्षं त्या घरानं सुखात काढली.

मग एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन आपा गेल्या. पुण्याहून त्यांचा मुलगा इम्रान आला. दफनानंतर मामीला उठायला मदत करताना त्यानं तिचा उजवा दंड धरला आणि तसाच थांबला. वाढवलेल्या नळ्या कातडीला लागूनच असतात. तळवा ठेवला तर त्यांची चाल हाताला लागते. एक लांब लाट, थोडा ठेहराव, मग दोन हलके ठोके.

"मामी, अम्मी मला असंच थोपटायची," तो म्हणाला.

त्यानंतर तो महिन्यातून एकदा येऊ लागला. यायचा, मामीचा हात मांडीवर घेऊन बसायचा, कधी तिथंच झोपून जायचा. नसीमाला आधी बरं वाटलं, मग अवघडल्यासारखं झालं. तिनं तेजलला गाठलं.

"चाल बदलता येईल," तेजल म्हणाली. "तुम्हीच तुमच्या डाव्या हातानं नवी शिकवू शकता. पण जुनी पुसली जाईल. तिची नक्कल ठेवता येत नाही."

"आणि नाहीच बदलली तर?"

"तुम्ही आहात तोवर ती चालेल."

नसीमा घरी आली तेव्हा ओसरीवर इम्रान बसला होता, शेजारी त्याची बायको आणि दुपट्यात गुंडाळलेली त्यांची मुलगी.

"हिनं दादीला पाहिलंच नाही मामी," तो संकोचून म्हणाला. "जरा घ्याल?"

नसीमानं बाही वर सारली. बाळाचं डोकं उजव्या हातावर टेकलं. रस्ताभर रडून लाल झालेली ती पोर हळूहळू निवली, डोळे मिटले. नसीमा जराही हलली नव्हती. तरी तिच्या हातातून कोणीतरी बाळाला थोपटत होतं.

इम्रान डोळे पुसत हसत होता. सलीम दारात उभा राहून बघत होता. नसीमाच्या मनातही एक गोड शांतता भरून आली होती. फक्त आपला हात आता परत मागावा की नाही, आणि मागायचा तर कोणाकडे, हे तिला समजेना.