मेघांक मेला की नाही

आनंदा मला पहिल्यांदा दिसला तो गुडघ्यापासून खाली.

रविवारची सकाळ. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. तेवढ्यात डोक्यावरचं कौल मोडलं आणि वरून एक पाय घरात आला. चिखलाने माखलेला, पण घडणीने बरा. बाकीचा माणूस वरच राहिला.

"चित्र आलं का?" पायाने विचारलं.

"आलं," मी म्हणाले. "पायपण आला."

"मग हलत न्हाई मी."

तो तसाच लटकत राहिला आणि आम्ही अख्खी मालिका बघितली.

शहाऐंशीचा श्रावण होता. वडिलांनी खडकीहून टीव्ही आणला आणि स्वतः परत ड्युटीवर गेले. आमची वाडी मुळशी धरणाच्या वर. सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र एवढे डोंगर चढून यायचं, ते दमूनच. त्यात बांबूवरची अँटिना वाऱ्याने फिरायची. म्हणून पौडच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला हा आनंदा दर रविवारी पोत्याची खोळ पांघरून आमच्या कौलांवर उभा राहायचा, अँटिना धरून. फुटलेलं कौल तो "पुढच्या रविवारी" आणणार होता. त्या भोकातून पाऊस यायचा, खाली पातेलं ठेवलेलं असायचं आणि मधूनमधून आनंदाचा एक डोळा दिसायचा.

मी पातेल्याजवळच बसायचे. पाण्यावर लक्ष नको का?

मालिकेचं नाव 'नीलमगड'. त्यात उडते घोडे, बोलणारी विहीर आणि राजकुमार मेघांक. वारा नसतानाही मेघांकाचे केस उडायचे. तो आला की आम्ही बायका "अगं बाई!" म्हणायचो. सगळ्यात मोठ्याने मी. वर आनंदाला सगळं ऐकू यायचं, पण दिसायची फक्त टीव्हीची पाठ.

"दिसतो तरी कसा त्यो?" एकदा डोळ्याने विचारलं.

"उंच आहे. गोरा आहे. घोड्यावरून पडत नाही... आणि कौलांतूनही नाही."

"काम काय करतो?"

"राजकुमार आहे."

"म्हंजी कायबी न्हाई," आनंदा म्हणाला, आणि डोळा गेला.

त्याच सुमारास प्रभाला, म्हणजे मला, हिंजवडीचं स्थळ आलं. ऊस, विहीर, मास्तरकी, सगळं होतं. मी आईला सांगितलं, "मेघांकाचं काय होतंय ते कळल्याशिवाय मी कुणापुढे पोहे घेऊन जाणार नाही."

आई, म्हणजे भीमाबाई, स्वतः मालिकेची भक्त. तिला हे रास्त वाटलं. "त्यो मरू दे नायतर गादीवर बसू दे. मग येत्याल पावनं," असा निरोप तिने खरोखर धाडला.

आता नीलमगडात मरणाचा एक नियम होता. ज्याची वेळ भरली, त्याच्या शेजारी त्याचीच फिकट जुळी छाया उभी राहायची. सेनापती असाच गेला. महाराणीचा पोपटही. आणि एका रविवारी मेघांकाच्या शेजारी दुसरा मेघांक उभा राहिला... फिकट, थरथरता.

आईने तोंडाला पदर लावला. "गेलं लेकरू!" दोन मिनिटं ती मनापासून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "हिंजवडीला सांगावा धाडते."

पण मला एक गोष्ट खटकली. छाया एकट्या मेघांकाला नव्हती, त्याच्या घोड्यालाही होती. मेघांक बोलायला लागला की छाया यायची, गप्प बसला की जायची. मी हळूच वर बघितलं. मेघांकाचा आवाज आला की भोकातून दिसणारा आनंदाचा हात अँटिना बोटभर सरकवायचा, आणि खाली चित्र दुहेरी व्हायचं.

मालिका संपल्यावर मी शिडीखाली उभी राहिले.

"लाज नाही वाटत? राजकुमाराला मारतोस?"

"तुमी त्याला बघून कसलं 'अगं बाई' करता! मला वर ऐकू येतंय समदं." त्याचे कान लाल झाले होते. "मी हितं भिजतुया, आनि त्यो आत कोरडा."

"अरे शहाण्या, तो मेला की हिंजवडीचे पाहुणे येणार."

"टीव्ही बघायला?"

"मला!"

आनंदा शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. "मग... जगू दे त्याला," तो म्हणाला. छाया अँटिनेची होती असं मी आईला सांगितलं, आणि सांगावा राहिला.

पुढच्या रविवारी धो धो पाऊस. आनंदाने दोन्ही हातांनी अँटिना आवळून धरली. असं स्वच्छ चित्र आमच्याकडे कधीच आलं नव्हतं. मेघांक आला... आणि त्याच्या शेजारी छाया उभी राहिली.

"हललास का रं?" आई ओरडली.

"न्हाई मावशी! आईशप्पत न्हाई!"

छाया गेली नाही. ही खरी होती. राक्षसाने परशू उचलला. मी वर बघितलं. भोकात डोळा नव्हता. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या, आवाज खरखरला, आणि दारात आनंदा उभा. पूर्ण. निथळत.

"आरं, वर कोन हाय?" आई म्हणाली.

"कुनीच न्हाई."

"मग मेघांक?"

"त्याचं त्यो बघंल." आनंदाने खिशातून एक बोल्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. अंगाच्या उबेने गरम होता. "मावशी, ह्यो अँटिनेचा. पयल्या दिवसापास्नं माज्यापाशीच हाय. घट्ट बसवला असता, तर मला परत कुनी बोलावलं असतं? प्रभाला मी... म्हंजी, तिला चालत असंल तर—"

"चालतंय," मी म्हणाले. जरा घाईच झाली.

आईने बोल्टकडे बघितलं, आनंदाकडे बघितलं, मग मुंग्यांकडे.

"मेघांक मरताना तुला दिसला?" तिने मला विचारलं.

"नाही."

"तुला?"

"मी शिडीवर हुतो."

"मलाबी न्हाई दिसला. म्हंजी अजून जित्ता हाय. तसं हिंजवडीला कळवते." आणि आनंदाकडे वळून, "च्या पी. पर आदी ते कौल बसव."

आमच्या लग्नाच्या पंगतीत पौडची एक बाई मेघांक नेमका कसा मेला ते सांगायला लागली. आनंदाने तिच्या पानात तीनदा जिलबी वाढली.

आमच्या घरात मेघांक अजून जिवंत आहे. आनंदाला ते आवडत नाही, पण बोलायची सोय नाही.