वाटी कोरडीच निघाली

गोकुळ जेवताना पाणी पीत नव्हता.

चार घास गिळायचा. घसा दाटला की थांबायचा. आणि समोरचा भरला पेला तसाच ठेवून उठायचा. कधी तर त्याच पाण्यानं हात धुवायचा. विधवा बहिणीनं पुढ्यात ठेवलेलं पाणी, आणि हा त्यात बोटं खळबळतो. आईच्या, भिमाबाईच्या डोक्यात तिडीक जायची. माझ्या लेकीच्या हाताला विटाळ लागलाय का, असं तिनं त्याला कितीदा तोंडावर विचारलं होतं.

उत्तर एकच. पाणी घशाखाली उतरत नाही, माय.

ज्याला ही गोष्ट बनवलेली वाटेल त्यानं सिल्वासाला यावं. मसाटच्या रस्त्यावर गोकुळचं गॅरेज आहे. आत खिळ्याला सलाइनची एक बाटली टांगलेली आहे. रिकामी. ती कुणी काढत नाही. भिमाबाई दुसरीच्या पुढं शिकली नाही, पण खोटं बोलणं तिला कधी परवडलं नाही. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्या बायांना ती ओट्यावर टेकू देत नसे.

त्या संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळ आखाजीची होती. बाकीचे लोक अक्षय तृतीया म्हणतात. खानदेशची माणसं पोटासाठी कुठंही गेली तरी आखाजी सोडत नाहीत. त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी घागर भरून ठेवतात. उन्हाळ्याचे दिवस. वर गेलेल्यालाही तहान असते. आणि घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असेल, तर त्याच्या नावाची कोरी घागर.

त्या वर्षी त्यांच्या डोकमर्डीच्या राहत्या खोलीत अशी एक कोरी घागर होती.

जावयाची. कल्पेशची.

कल्पेश धाग्याच्या कारखान्यात होता. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून घागर सासूच्या घरात. ऑक्टोबरच्या कडक उन्हात, भर दुपारी गेला. गोकुळचं काम जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं. वापीची, दमणची पोरं गाडी आणून द्यायची आणि हा सिलिंडर घासून, मोठा कार्बोरेटर चढवून तिला वारं करून द्यायचा. गोकुळचा बाप सुकदेव, ज्यानं हे गॅरेज उघडलं, त्याचा एक नेम होता. ज्यानं गाडी खोलली, पहिली ट्रायल त्यानंच घ्यायची. त्या दिवशी एका लाल गाडीची ट्रायल गोकुळनं दाजींना घ्यायला लावली.

किलवणीच्या सरळ रस्त्यावर कल्पेश पडला. तिथंच गेला.

मागच्या गाडीवर गोकुळ होता. त्यानं सगळ्यांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. भिमाबाईनं ते खरं धरलं. दहाव्याला चारचौघांत म्हणालीसुद्धा, जावयाला वेगाची खाज होती, कुत्र्याचं निमित्त झालं. लेक ममता तिथंच ऐकत बसली होती.

त्यानंतर गोकुळ वाळत गेला. ओठ फुटले. डोळे आत गेले. एकदा गॅरेजमध्येच चक्कर येऊन पडला, दवाखान्यात नेऊन सलाइन लावावी लागली. डॉक्टरनं बजावलं, पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडं जातील.

एक जावई गेला होता. आता पोटचा पोरगा डोळ्यांदेखत सुकत होता.

आखाजीच्या सकाळी ममतानं घागर गळ्यापर्यंत भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, नमस्कार केला. दुपारी खरबूज उचलून आत बघितलं...

घागर कोरडी.

ओली नाही. कोरडी. खालची फरशीही कोरडी.

भिमाबाईनं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. घागर खणखणीत. चीर नाही, पाझर नाही. मग ती लेकीवरच उखडली, की भरायचीच विसरलीस, लक्ष कुठं असतं तुझं. ममतानं मुकाट्यानं पुन्हा भरली.

सणाचा दिवस असून गोकुळ जेवायला आला नव्हता. दिवेलागणीला भिमाबाई आमरसाचा डबा घेऊन स्वतः गॅरेजवर गेली. कारखान्यांना सुट्टी नव्हती, पण रस्ता का कुणास ठाऊक, सुना होता. शटर अर्धं खाली.

आत गोकुळ एकटा. समोर तीच लाल गाडी.

मालकाला ती परत हवी होती. गोकुळनं नवा पिस्टन टाकून इंजिन बांधलं होतं. उभ्या उभ्या गाडी छान बोलायची. पण मूठ पूर्ण पिळली, की भरात येता येता... आवाज बसायचा. घसा सुकल्यासारखा. आणि बंद.

भिमाबाई जुन्या टायरवर टेकली. नवऱ्याच्या हाताखाली तिनं रॉकेलमध्ये बुडवून किती कार्बोरेटर धुतले होते, त्याला गणती नाही. तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. पेट्रोलचा कॉक? साफ. नळी? नवीन. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल, हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येत नाही. तेही बघितलं, माय. झाकण उघडं ठेवून चालवली. तसंच.

मग वाटी उघड, ती म्हणाली.

कार्बोरेटरच्या बुडाशी एक वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात साठतं, तिथून इंजिनात जातं. गोकुळनं नळी काढून धरली, तर धार जोरात. नळी लावली, थोडं थांबला, वाटीचा स्क्रू सोडला.

थेंब नाही.

पुन्हा लावली. पुन्हा सोडली. वाटी कोरडीच निघाली. आणि नळी तोंडापर्यंत भरलेली.

त्यानं प्लग काढून तिच्या हातावर ठेवला. पांढराफटक. काळा प्लग म्हणजे इंजिनाला अजीर्ण, पांढरा म्हणजे उपाशी. हे भिमाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. गोकुळ म्हणाला, पेट्रोल सोडणारं जेट मोठं केलं, त्याहून मोठं केलं. एवढ्या पेट्रोलनं प्लग भिजून काळा ठिक्कर पडायला हवा. तरी पांढराच येतो.

"बाटली लाव," भिमाबाई म्हणाली.

ही मेकॅनिक लोकांची जुनी रीत. सलाइनच्या बाटलीत पेट्रोल भरायचं, वर टांगायची, नळी थेट कार्बोरेटरला. म्हणजे टाकीचा संशय जातो, आणि किती पेट्रोल उतरतं ते डोळ्यांना दिसतं. बाटली गोकुळला लावलेल्या सलाइनचीच होती. त्यानं ती भरली, खिळ्याला अडकवली, नळी जोडली.

किक मारली नाही. गाडी थंड उभी.

आणि बाटलीतलं पेट्रोल खाली जायला लागलं.

वाटी भरली की ते थांबायला हवं.

थांबलं नाही.

बाटलीत बुडबुडे आले. आणि आवाज...

गट.

गट... गट...

भिमाबाईनं खाली वाकून बघितलं. जमीन कोरडी. कार्बोरेटर बाहेरून कोरडा. पेट्रोलचा वास तरी यावा? गॅरेजमध्ये पेट्रोलचा वासच नव्हता. जिथं तिच्या लुगड्याला घरी जाऊनही तो वास यायचा, तिथं आज काहीच नाही.

बाटली रिकामी झाली. आवाज थांबला.

मग गाडीच्या खालून कुणीतरी... ओठांवरून जीभ फिरवली.

कोरड्या ओठांवरून फिरते, तशी. तो आवाज भिमाबाई ओळखत होती. घरात रोज ऐकत होती. पण गोकुळ तिच्या शेजारी उभा होता, आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं.

तिनं पोराकडे बघितलं. त्याचा हात खिशात गेला होता. बाहेर आला तेव्हा मुठीत एक प्लग होता. जुना. पांढरा.

मग तो बोलत गेला. कुत्रं नव्हतंच. गाडी आणखी पळावी म्हणून त्यानं जेट लहान टाकलं होतं. थोडं उपाशी इंजिन जास्त पळतं, पण फार उपाशी राहिलं की तापून जाम होतं आणि मागचं चाक जागेवर अडकतं. त्याला ते ठाऊक होतं. म्हणून तर ट्रायल दाजींना दिली. कुणीही जाणकार येऊन प्लग बघेल तर पांढरा रंग सगळं सांगेल, हे त्याला रस्त्यावरच सुचलं. लोक यायच्या आत त्यानं तो काढला आणि खिशातला काळा लावला. प्लग तापलेला होता. दोन बोटांवरचा डाग सायलेन्सरचा म्हणून त्यानं घरात सांगितला होता. भिमाबाईनंच त्यावर हळद लावली होती.

पण भिमाबाईचं मन दुसऱ्याच जागी अडकलं होतं. घागर. वाटी. बाटली.

"तो लगेच गेला नव्हता?"

गोकुळनं मान हलवली. नाही.

"काही मागत होता?"

"पाणी."

"तुझ्याकडं नव्हतं?"

"होतं, माय. हँडलला बाटली लटकली होती. म्हटलं, एवढा प्लग आवळतो, मग देतो. आवळून वळलो... तर तो मागायचा थांबला होता."

मरत्याच्या तोंडात पाण्याचा थेंब लोक वैऱ्यालाही घालतात. आणि दहाव्याला आपण कुणावर जीभ चालवली होती, तेही भिमाबाईला आठवलं. खाज होती म्हणे.

तिनं डबा उचलला, पोराचं मनगट धरलं आणि शटर न ओढताच निघाली. वळून तिनं बघितलं नाही. आजही गॅरेजवर गेली तर त्या बाटलीकडे पाठ करून बसते. ते काय होतं, कोण होतं, ती सांगत नाही. विचारलं तर विचारणाऱ्याच्या हातात पाण्याचा तांब्या देते आणि तो पिऊन होईपर्यंत बघत राहते.

घरी ममता घागरीपाशी बसली होती. खरबूज बाजूला काढून ठेवलेलं. हातात कळशी. आईला बघून तिनं एवढंच सांगितलं, की पुन्हा आटली होती, पुन्हा भरली.

मग सवयीनं तिनं पेला भरला आणि भावापुढे धरला. गोकुळनं त्या पाण्याकडे बघितलं. त्याचा हात उठला. पहिल्यांदाच उठला.

भिमाबाईनं मधेच पेल्यावर तळवा ठेवला.

ममताच्या मागं, घागरीत... गट.

ममता वळली नाही. तिनं तो आवाज आज दिवसभर ऐकला असावा.

भिमाबाईचा तळवा पेल्यावर तसाच होता. ती पोराला म्हणाली, "आधी हिला सांग. मला सांगितलंस तसं, एक शब्द न गाळता. मग हिनं दिलं तर पी. नाही दिलं, तर मी आई असून तुला थेंब देणार नाही."