सतरा नंबरचा फॉर्म

झेरॉक्स मशीनपाशी दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातले चाळीस फॉर्म जमिनीवर पसरले. ती संशोधक. विद्यापीठाची नवी ऑनलाइन प्रणाली यशस्वी झाली का, यावर तिचा प्रबंध. तो गुणपत्रिकांच्या खिडकीवरचा क्लार्क. कागद गोळा करता करता तो थांबला.

"सतरा नंबर, गुणपत्रिका खिडकी... हा माझा फॉर्म?"

तो परत घ्यायला तिनं हात पुढे केला. फॉर्म कुणी भरून देईना, प्रबंधाचा अहवाल तर उद्याच विद्यापीठाला द्यायचा. मग रविवारी घरी बसून तिनंच सगळे भरून टाकले होते!

"प्रणालीबाबत पूर्ण समाधानी," त्यानं वाचलं. "मी इतका सुखी आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं बघा."

"मी... वेळच नव्हता हो." धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

"नाही सांगणार कुणाला. तुमची पदवी अडकेल." त्यानं कागद जुळवून हातात दिले. "जरा आत येऊन बसा मात्र."

ती बसली. एक मुलगी तिसऱ्यांदा आली होती. परीक्षा देऊनही स्क्रीनवर 'गैरहजर'. त्यानं वहीत तिचं नाव लिहिलं.

"स्क्रीनवर दुरुस्त होत नाही. मग मीच जातो चार जिने चढून परीक्षा विभागात."

"आणि खिडकी बंद झाली तर?"

"तुमचा अहवाल चांगला आला, की बंदच करणार आहेत."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला, की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्याकडे बघायची हिंमत होईना, आणि बघितल्याशिवाय राहवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, चष्मा काढून 'पुन्हा सुरू कर' एवढंच म्हणाल्या. सहा महिन्यांचं काम वाया गेलं.

आठवड्यानं ती कोरे फॉर्म घेऊन त्याच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली.

"या वेळी मला विचारून भरणार वाटतं?" तो हसला.

"एकेक प्रश्न. आणि शेवटी एक... फॉर्ममध्ये नसलेला."

"त्याचं उत्तर तुम्ही रविवारीच भरलं असेल."

"नाही," ती मान खाली घालून म्हणाली. "तुमच्या मनातलं परत कधी मी ठरवणार नाही. तुम्हाला मी... आवडू शकते का? असं वागूनसुद्धा?"

मागची रांग चुळबुळत होती. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून तिचं पेन मागून घेतलं.

"द्या इकडे," तो म्हणाला. "हे मी माझ्या हातानं लिहितो."