मेलेल्याची रायफल

देवापुढे हात जोडून सांगतो, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. मामाने सांगितलं तसंच लिहितोय. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. डोक्यावर ऊन तळपत असताना, पत्र्याच्या शेडमध्ये, सगळ्यांदेखत घडलेली आहे.

मामा परदेशात शांतिसेनेत वेल्डर होता. तह झाल्यावर तिथले बंडखोर रांगेने शस्त्रं आणून देत. मामा प्रत्येक रायफलची नळी वाळूच्या पिंपात धरायचा, बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता खटका, मागे ओढून आत गोळी नाही ना बघायचा, आणि देणाऱ्यासमोरच गॅस कटरने तिचे तुकडे करायचा. समोर कापली नाही तर कुणाचा विश्वास बसेल?

त्या दुपारी एकाने दोन रायफली आणल्या.

"ही माझी. ही दादाची."

"दादा कुठाय?"

"मारला गेला."

ज्याची त्यानेच द्यायची, हा तिथला दंडक. पण मामाचं मन मऊ. "अरे, मग तो कसा येणार? आण इकडे."

इथेच चुकलं.

मामाने बोल्ट ओढला. आत गोळी नव्हती. रायफल वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. कटर उचलला...

खट्ट.

बोल्ट आपोआप पुढे सरकला.

शेडमधली कुजबुज थांबली. बाहेरच्या जनरेटरची घरघरसुद्धा...

मामाने कटर पेटवला. विझला. पुन्हा पेटवला... वारा अजिबात नव्हता. कुणीतरी फुंकर मारावी तसा विझला.

बंडखोरांचा म्होरक्या पुढे आला. "बघितलंत? आमचे मेलेले अजून शरण आलेले नाहीत. उचला रे आपापली!"

माणसं टेबलावर कापायच्या राहिलेल्या बंदुकांकडे वळली. एकाने जरी उचलली असती, तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा गावं पेटली असती.

दुभाष्या म्हणाला, "साहेब, या मेलेल्याला काय सांगू?"

"तू कटरला लायटर मार," मामा म्हणाला. "मेलेल्याला दुभाष्या लागत नाही."

तेवढ्यात वाइसमधली रायफल करकरत मागे सरकू लागली...

मामाने हातमोजा फेकला आणि उघड्या हाताने नळी धरली. पलीकडून ओढ होती. माणसाची. दमदार.

"ओढ!" मामा ओरडला. "तू विझवशील तितक्यांदा मी पेटवीन. तू गेलास, पण तुझा भाऊ जिवंत आहे. त्याला नाही देणार तुझ्या हाती!"

भाऊ रडत पुढे आला. त्यानेही नळीवर हात ठेवला. "दादा... सोड ना."

दुभाष्याने पुन्हा लायटर मारला. या वेळी ज्योत टिकली.

मामाने रायफल कापली. मग रांग हलली, आणि शेवटी म्होरक्यानेही मान खाली घालून आपली दिली.

मामा आता घरीच असतो. त्याच्या उजव्या हाताला मधूनच हिसका बसतो. डॉक्टर म्हणतात, शिरेचा त्रास. मामा मूठ आवळून म्हणतो, "ओढ बाबा. बघू कोण दमतं."

मीही हसायचो.

परवा जिना चढताना मी मामाचा तोच हात धरला. मी वर ओढत होतो...

आणि कुणीतरी खाली.

जिन्यात आम्ही दोघंच होतो. देवाचं नाव घेतलं. हात सोडला नाही.

पण त्यानेही सोडलेला नाही.