एहसान नव्हे, हिसान

धुळीचं वादळ आलं की सुलैची, आमच्या आखाती शहराच्या टोकाची, गोदामं आधी नारिंगी होतात आणि मग दिसेनाशीच होतात. अब्बांच्या गोदामात मी एकटी होते. आमचे ड्रायव्हर एहसानभाई मला घ्यायला येणार म्हणून दाराशी उभी. तेवढ्यात यमनी वॉचमन फाटकाकडून ओरडला, "हिसान बर्रा, हिसान!" आणि स्वतःच्या खोलीत शिरून त्याने कडी लावली.

मी धुळीतल्या उंच सावलीला हाक मारली, "एहसानभाई, आत या ना. बाहेर काय उभे राहताय?"

सावलीने नुसता श्वास सोडला. लांब... ओला.

"एहसान नाही, हिसान. अरबीत घोडा. बर्रा म्हणजे बाहेर," मागून कुणीतरी म्हणालं.

हा आवाज मी दोन वर्षं ऐकत होते – शाळेच्या भिंतीपलीकडून, मुलांच्या सेक्शनच्या माइकवर, फुटबॉलची कॉमेंट्री करताना. चेहरा मात्र आज पहिल्यांदा. (वाईट नव्हता. बरं, चांगलाच होता.)

"तू राहील, कॉमेंट्रीवाला," मी म्हटलं.

"आणि तू आलिमा. अरबीत नापास?"

"बी प्लस. माझं नाव कसं ठाऊक?"

"भिंतीला दोन बाजू असतात." त्याने मधल्या दाराकडे बोट दाखवलं. "ते शेजारचं गोदाम आमचं... आजपर्यंत. चाव्या द्यायला आलोय. उद्या फायनल एक्झिट. कायमचे दापोलीला."

उद्या. म्हणजे आज नाही बोलले, तर कधीच नाही.

"इथे घोडा कुणाचा?" मी भलतंच विचारलं.

"कुणाचाच नाही. पण अशा एका घोड्याची गोष्ट ऐकलीय." त्याचा आवाज खाली आला, पेनल्टीच्या आधी यायचा तसा. "वेम्बली, एकोणीसशे तेवीस. नवं कोरं स्टेडियम, फुटबॉल कपची फायनल. इतकी माणसं घुसली की मैदानच दिसेना. मग पांढऱ्या घोड्यावर एक पोलीस आला. घोडा नाकाने एकेकाला ढकलायचा, रेषेबाहेर. पोलीस म्हणायचा, हात धरा एकमेकांचे, मागे सरका."

"हात धरायचं तू घुसडलंस."

"शप्पथ, खरं आहे."

टापा वाजल्या. घोडा दारात आला. पांढराशुभ्र. एवढ्या वादळात अंगावर धुळीचा कण नाही. पाठीवर कुणी नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "माझे अब्बा बोलावतायत. जातो," राहील म्हणाला.

घोड्याने नाक त्याच्या छातीला लावलं आणि हळूच मागे ढकललं. तो बाजूने निघाला. पुन्हा ढकललं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, तेव्हा घोडा थांबला. आणि बघत राहिला... माझ्याकडे.

"आलिमा, हा मला जाऊ का देत नाहीये?" कॉमेंट्रीवाला आवाज कापत होता.

मला कळलं.

"माझं बोलायचं राहिलंय म्हणून. कोणती मॅच कोण जिंकलं, मला एकही आठवत नाही. मी फक्त तुला ऐकायचे. तू... आवडतोस मला."

घोडा वळला. धुळीत गेला. टापा लांब गेल्या नाहीत – मध्येच बंद झाल्या.

"दापोलीत रेंज येते?" मी विचारलं.

"आमच्या माळ्यावर येते."

"मग माळ्यावर राहायचं."

"हुकूम?"

"हो."

"मान्य," तो म्हणाला. "कधीचंच मान्य."

हॉर्न पुन्हा वाजला. दार रिकामं होतं, वाट मोकळी. राहील हलला नाही.