झिराडकरांची कोशर वाईन

अच्युतरावांनी तीस वर्षं स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत कोळशातली राख मोजली होती. जिभेपेक्षा त्यांचा तराजूवर विश्वास. त्यामुळे शेजारच्या झिराडकरांची मुलगी हॅना इस्राएलहून वाईनची बाटली घेऊन आली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी लेबल वाचलं.

"कोशर म्हंजे काय वं?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"आमच्या ज्यू धर्माला चालणारी," हॅना म्हणाली. "द्राक्षं पिळण्यापासून बूच लावेपर्यंत आमच्याच माणसांचे हात लागतात. ही उकळलेली आहे, म्हणून कोणीही ओतली तरी चालते. बाबांना इथं ती कधी मिळाली नाही. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून त्या शरबतावरच प्रार्थना म्हणायचे."

खरं होतं ते. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सातमधल्या दोघांच्या क्वार्टरांची मधली भिंत एकच. बायको गेल्यावर झिराडकर एकटे राहत. शुक्रवारी ऊन उतरलं की भिंतीवर दोन थापा मारत, आणि अच्युतराव पेला घ्यायला जात.

"बाबा फोनवर सांगायचे, मी थाप मारली की अच्युत येतोच," हॅना म्हणाली. "खरी वाईन तुमच्यासोबत प्यायची होती त्यांना. दोन वर्षं झाली जाऊन. आता तुम्ही तरी घ्या."

अच्युतरावांनी बाटली टेबलावर ठेवली.

हॅना गेल्यावर संध्याकाळी त्यांनी बूच काढलं. सुमेधाबाईंनी भीतभीत कपाला ओठ लावले आणि हसल्या. "हे तं गोडच आहे. मनुकांवानी."

अच्युतरावांनी घोट घेतला. कडू. कारल्याचा नव्हे, कडुनिंबाचाही नव्हे. दातांच्या मुळाशी जाऊन बसणारा, लोखंडासारखा कडूपणा. त्यांनी चूळ भरली. पाणीही कडू. रात्रीचं वरण कडू. सकाळचा चहा कडू.

तिसऱ्या दिवशी वाईनचा नमुना बाटलीत भरून ते हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेला धनंजय तिथे एका कारखान्याची लॅब सांभाळायचा.

"सर, इसमें कुछ नहीं है," दुपारी तो म्हणाला. "साखर भरपूर आहे, बस. मी चाखून पाह्यली. शरबत आहे निव्वळ."

डॉक्टरांनी जीभ पाहिली, रक्त तपासलं, गोळ्या बदलून दिल्या. आठवड्याभरात अच्युतरावांचा पट्टा दोन भोकं आत गेला. दोन घासांत ताट बाजूला सारत. पाणी ते नाक दाबून पीत.

शुक्रवारी ऊन उतरू लागलं तसा कडूपणा तोंडात घट्ट होत गेला. थुंकी गिळवेना.

"तुमाले काय होऊन राह्यलं, सांगान का मले?" सुमेधाबाई ताट वाढून समोर येऊन बसल्या.

ते म्हणाले, "झिराडकर गेला, त्या शुक्रवारी तू नागपूरले आपल्या प्राचीकडं होती. त्यानं थाप मारली होती. दोन नाही. मारतच राह्यला. मले मॅच पाहाची होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला."

"किती वेळ मारली?"

"चार-पाच ओव्हर."

सुमेधाबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. झिराडकर दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला टेकलेलेच सापडले होते.

सांगून झालं आणि अच्युतरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी कपात वाईन ओतली, घोट घेतला. गोड. निव्वळ मनुका.

त्यांनी कप पुढे केला. सुमेधाबाईंनी ओठ लावले आणि घोट तसाच कपात परत सोडला.

"कडू आहे."

त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. पाण्याकडे पाहिलं. मग फोन उचलला.

"मले हे एकटीनं नाही वागवत. प्राचीले सांगते."

अच्युतरावांच्या लक्षात आलं: सांगेल त्याचं तोंड सुटतं, ऐकेल त्याचं कडू होतं. फोन काढून घ्यायला हाताच्या अंतरावर होता. पण आठ दिवसांनी भूक लागली होती, आणि ताट समोर होतं.

सुमेधाबाई स्वयंपाकघरात गेल्या. हळू आवाजात बराच वेळ बोलत होत्या.

मग स्पीकरवर प्राचीचा आवाज आला. "बाबानं असं केलं?" ती थांबली. पेला ठेवल्याचा आवाज झाला. "आई, एक मिनिट. आमचं पाणी कडू कावून लागून राह्यलं?"

अच्युतरावांनी भातावर आणखी थोडं वरण वाढून घेतलं.