बाहेर गेलेली, आत न आलेली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, जबरदस्ती नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि थापा मारणं तिच्या रक्तातच नाही. सात वर्षांपूर्वीचा मंगळवार. संध्याकाळचे पावणेसहा.

मावशी आणि आई एकाच कारखान्यात. धाकटी म्हणजे माझी आई पॅकिंगला, मावशी कॉम्प्युटरच्या खोलीत. कॉम्प्युटर जुना, कपाटाएवढा, पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं.

सुट्टीनंतर मावशीचं एक ठरलेलं काम असे. गेटवर कार्ड लावून आत आलेल्यांची एक फाईल, बाहेर गेलेल्यांची दुसरी. दोन्ही जोडायच्या. आलेल्यांची फाईल आधी द्यायची. मग ज्यांची जोडी लागत नाही, ती माणसं अजून आत. रखवालदार त्यांना बाहेर काढणार आणि कुलूप लावणार.

त्या दिवशी घाईघाईत तिने फायली उलट्या दिल्या.

म्हणजे प्रश्नच फिरला. बाहेर कोण गेलं... जे आत आलंच नव्हतं?

असं कोण असणार, कपाळ! रिपोर्ट कोरा यायला हवा होता.

एक ओळ आली.

बाहेर, पाच वाजून दहा मिनिटं. बस नंबर तीन. कार्ड नंबर... कोरा. नाव... कोरं.

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कार्डाशिवाय गेट उघडतच नाही. आणि तीन नंबर म्हणजे आईची बस.

तिने गेटवर फोन लावला.

"काका, तीन नंबरात सगळ्यात शेवटी कोण चढलं हो?"

"तुमची बहीणच की! हाक मारली तर ढुंकूनही बघितलं नाही. भांडलात की काय?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करायला तिने आमच्या घरी फोन केला. फोन आईने उचलला.

"चिमे, पोचलीस ना गं?"



"पोचले."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"का? हा आवाज बरोबर नाही का?"

मावशीने फोन ठेवला. तिने फायली सरळ लावल्या आणि रिपोर्ट पुन्हा काढला.

पुन्हा एकच ओळ.

आईचं नाव. आत, सकाळी आठ वाजून दोन मिनिटं. बाहेर...

काहीच नाही.

मावशी आणि रखवालदार काका पॅकिंगकडे धावत सुटले. खुंटीवर आईची पिशवी. टेबलावर एक खोकं, चिकटपट्टी अर्धवट ओढलेली.

आणि खोक्यांच्या थप्पीमागून... ठक. ठक.

"चिमे! अगं, आले मी!"

दोघांनी खोकी उपसली. शेवटचं खोकं हटवलं, तर मागे नुसती भिंत. आवाज थांबला होता. मावशी तिथेच फतकल मारून ढसाढसा रडली.

आज मावशी निवृत्त व्हायला आलीये. रोज घरी निघताना ती त्या मंगळवारचा रिपोर्ट काढते. ओळ तशीच आहे.

आई आमच्याकडेच असते. स्वयंपाक करते, माझ्या डोक्यावरून हात फिरवते, काही कमी करत नाही. मला मात्र हे लिहिताना दार लावून घ्यावं लागलंय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

कारण मावशी अजूनही येते कधीमधी. उंबऱ्याबाहेर उभी राहते. आणि जिला जन्मभर "चिमे" म्हणून हाक मारली, त्या धाकट्या बहिणीला म्हणते...

"अहो, बरं आहे ना तुमचं?"